कानाला मफलर

नवऱ्यांच्या पोटाचा विषय काढलाच आहे, तर माझं ऐका. थोरलीच्या वेळी मी बावड्याला माहेरी बाळंत झाले. आमचे हे वालचंदनगरहून थंडीत स्कूटरवर लेक बघायला आले आणि कानाला मफलर तसाच ठेवून माझ्याच बाजेवर वाकळ ओढून घोरत पडले. मी न्हाणीत गेलेले. तेवढ्यात मालिशवाली जनामावशी आली. तिला दिसायचं कमी. कान बांधून बाजेवर निजलेली ती बाळंतीणच, असं समजून तिनं तेल ओतलं आणि यांचं पोट रगडायला लागली.

"अगं, पंधरा दिस झालं, तरी पोट कसं उतरंना?"

हे ओरडले, "ओ मावशी, मी जावई हाय!"

मावशीनं हात थांबवला नाही. "गप पडा. पोट तर बाळंतिणीचंच हाय!"