पाइपाचं कव्हर

दीर : कव्हर आपोआप गळून पडत नाही, वहिनी. मी स्वतः चढवलं होतं, दोन्ही टोकांना क्लिपा लावून.

वहिनी : भिंतीवर गाडी आडवी होऊन गरगर फिरते. निसटलं असेल जत्रेतल्या त्या मौतच्या विहिरीत कुठेतरी.

दीर : कव्हर निसटलं, क्लिपा निसटल्या, पाइप फ्रेमला बांधला होता ती पट्टीही सुटली. तिघांनी ठरवून पळ काढला म्हणायचा.

वहिनी : तुम्हाला थट्टा सुचतेय.

दीर : हात लावून बघा. इंजिन गार आहे, भाजणार नाही. टाकीतलं पेट्रोल ह्याच पाइपातून खाली येतं. नखाने दाबा. दबतोय का? आता वाकवतो. ह्या भेगा दिसल्या? इंजिनाला टेकून टेकून रबर पार करपलंय.

वहिनी : म्हणजे आता गाडी चालणार नाही ना?

दीर : इतक्या आशेने का विचारताय? वहिनी, कव्हर तुम्ही काढलंत?

वहिनी : हो. पट्टीही मीच कापली, भाजीच्या सुरीने.

दीर : कशासाठी?

वहिनी : ह्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही हो. घरात चौकटीला खांदा आपटतात, पाणी पेल्याच्या बाहेर ओततात. आणि खेळ सुरू झाला की फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गाडी चढवतात. मला वाटलं, पाइप खराब झाला की पेट्रोल अडेल, गाडी खालीच उभी राहील. माझं ऐकत नाहीत, निदान गाडीचं ऐकतील.

दीर : पाइप फुटला की पेट्रोल अडत नाही. ते तापलेल्या इंजिनावर सांडतं. दादा पायांशी आग घेऊन भिंतीवर फिरला असता.

(वहिनी पाइपावरचा हात काढून घेते.)

वहिनी : काल खेळ झाला. परवाही झाला. मी तिकिटाच्या खिडकीत बसून वाट बघत होते, आता बंद पडेल, मग बंद पडेल.

दीर : रडू नका. तुम्हाला कुठे ठाऊक होतं?

वहिनी : तुम्ही सांगा ना त्यांना. म्हणावं, गाडी भंगारात गेली.

दीर : मागे एकदा सांगून झालंय. मान डोलावली आणि दुसऱ्या कुणाच्या खटाऱ्यावर चढला. निदान ही गाडी माझ्या हाताखालून जाते. डोळ्याचंही कळलंय मला. हेल्मेटचा पट्टा चाचपडत लावतो. पाया पडलो त्याच्या. तर म्हणाला, वर गेलो की मला काही बघावं लागत नाही रे, तिथे मी कशालाच धडकत नाही.

वहिनी : असं म्हणाले?

दीर : हसत म्हणाला.

वहिनी : मग आता काय करणार?

दीर : नवा पाइप टाकतो. इंजिनापासून लांबून नेतो, कव्हर घालतो, फ्रेमला बांधतो. माझ्या हातात एवढंच आहे.

वहिनी : म्हणजे गाडी चांगली होणार.

दीर : होणार.

वहिनी : आणि संध्याकाळी हे वर चढणार.

दीर : हो. ही पट्टी जरा धरता?

वहिनी : धरते. अजून ओढा, भाऊजी. ढिली वाटतेय.