आखरी चौकीचा शेवटचा भाग

इंगवले : पुन्हा सांग. पाच वाजता काय होणार आहे?

मुखरू : चौकी उडनार आहे जी. असं लोक म्हनून राह्यले. पक्कं नाई.

इंगवले : कोणती चौकी?

मुखरू : आखरी.

अकरम : साहब, याचं ऐकू नका! मुखरूभाऊ, तू जरा चूप राह्य ना. साहब, ‘आखरी चौकी’ ही टीव्हीवरची शिरेल आहे. आसमानातली चौकी. तुमची पोलिस चौकी कोणी नाही उडवून राह्यलं.

इंगवले : हात वर. दोघांचेही. लालसू, तू बंदूक घेऊन त्यांच्यापासून लांब उभा राहा. त्या लुनाला टांगलेल्या पिशवीला कोणी हात लावायचा नाही. हं. आता एकेकानं बोला. नाव?

अकरम : अकरम शेख. लेडीज-जेंट्स टेलर. आरमोरीच्या बसस्टँडमागे दुकान आहे. हा मुखरू भोयर, बाजूच्या गावचा. धानाची शेती आहे याची. आम्ही गडचिरोलीला चाललो साहब, याच्या भाचीकडे. रंजीताकडे.

इंगवले : लग्न आहे?

अकरम : नाही.

इंगवले : मग हा असला गणवेश घालून? कोणत्या संघटनेचा आहे हा?

मुखरू : अंतराळाचा जी.

इंगवले : खांद्यावर तीन तारे लावलेत. माझ्या खांद्यावर किती आहेत, मोज.

अकरम : दोन.

इंगवले : म्हणजे तू मला सीनियर.

अकरम : माफी साहब. एक उसवून टाकू?

इंगवले : गंमत नाही ही. दीड वर्ष झालं, या रस्त्यावर खाकी सोडून दुसरी वर्दी दिसली की आमची पोरं आधी जमिनीवर आडवी होतात. मोहाच्या झाडामागं माझा एक जवान बसलाय. त्यानं तुम्हाला लांबूनच पाहिलं. तुमची लुना चढावर बंद पडली आणि तुम्ही दोघं खाली उतरून एकमेकांना शिव्या द्यायला लागलात, म्हणून त्यानं हात आवरला. तो म्हणाला, साहेब, हे ट्रेनिंग घेतलेले वाटत नाहीत.

मुखरू : थोडं पानी भेटन का जी?

इंगवले : भेटेल. आधी पिशवीत काय आहे ते सांग.

मुखरू : मुरमुरे, कांदा… अना थे यंत्र.

इंगवले : कसलं यंत्र?

मुखरू : बोलाचं. बटन दाबलं का लाल लाइट लागते.

इंगवले : वायरी आहेत त्यात?

मुखरू : दोन.

अकरम : साबणदानी आहे साहब! खुदाकसम, साबणदानी! आत टॉर्चचा बल्ब अन् सेल. यानंच बनवली. मी म्हटलं होतं नको घेऊ. हा म्हणे, आज शेवटचा भाग आहे, आज नाही तर कधी?

इंगवले : लालसू, मागं हो. मीच उघडतो. … हं. साबणदानी आहे. वासही येतोय अजून. यातून बोलणं जातं?

मुखरू : नाई जी. आपून तोंडानंच बोलाचं.

इंगवले : मग हिचा उपयोग काय?

मुखरू : काई नाई.

इंगवले : लालसू, आरमोरीला वायरलेस लाव. विचार, अकरम शेख नावाचा टेलर खरंच आहे का आणि तो शुद्धीत असतो का. आणि यांना पाणी दे. तुम्ही दोघं हात खाली घ्या, बसा इथं पोत्यावर. वय काय रे तुझं?

अकरम : पंचेचाळीस असेल.

इंगवले : पोरंबाळं?

अकरम : तीन. मोठ्या पोरीचं, निशातचं, लग्न जुळवून राह्यलो. पाहुणे परवा येऊन गेले. तेव्हा ही वर्दी दोरीवर वाळत होती. ते म्हणे, घरात कोणी मिलिटरीत आहे का? आमची बेगम, कमरजहाँ, म्हणाली, नाही, यांचं डोकं बदलीवर गेलं आहे.

इंगवले : आणि तुझी बायको काय म्हणते?

मुखरू : रुखमानं अंगारा आनला पुजाऱ्याकडून. तिले वाटलं मले भूत लागलं. आता मोहाचे दिस आहेत जी, सारं गाव फाटे कोंबडा आरवला का झाडाखाली राह्यते, मोहफूल वेचते. अना मी रविवार आला का टोपली ठेवून आरमोरीले परातो. कुठी जाता म्हने. मी म्हनलं, चौकीवर. थे रडाले लागली. तिले वाटलं पोलिसानं बलावलं.

इंगवले : पण आहे काय एवढं त्या मालिकेत?

मुखरू : खरं सांगू का जी? मले पयले समजलीच नाई. मी पँट शिवाले टाकाले गेलतो याच्या दुकानात. टीव्ही चालू होता. त्याच्यात सारे लोक पेट्या-गाठोडे घेऊन बसले होते. एक बाई भोंग्यावर सांगून राह्यली का फलानं जहाज उशिरा येनार, ढिकानं रद्द झालं. एक म्हातारा तिच्यासंग भांडून राह्यला. मले वाटलं, एसटी डेपोची शिरेल आहे. मंग म्हनलं बसावं. बसलो, तं माही खरी बस सुटली.

अकरम : दुसऱ्या रविवारी पँट न्यायला आला. पँट झाली नव्हती.

मुखरू : याचं ध्यान शिरेलीत. कशी होईन?

अकरम : मग पुन्हा बसला. पावसाळा गेला, धान कापून झालं.

मुखरू : पँट अजून नाई झाली.

इंगवले : मी मालिकेचं विचारलं.

अकरम : सांगतो साहब. दुसऱ्या शिरेलींमध्ये काय होते, हीरो जहाज घेऊन फिरते. आज या ग्रहावर, उद्या त्या ग्रहावर. लफडं करते अन् उडून जाते. मागे त्या लोकांचं काय झालं, कोणी पाहत नाही. इथी चौकी हालतच नाही. जागेवर आहे. जहाजं येतात, जातात. चौकीवाले तिथीच. जो येईल त्याच्यासंग निभवायचं. आज कोणाशी जोरदार भांडण झालं, तरी सकाळी त्याच्याच मागे पाण्याच्या रांगेत उभं राहायचं.

मुखरू : पानी मोजून देतेत तिथी. वरून सामान येत नाई टायमावर. डाक्टर आहे तं दवाई नाई. दवाई आली तं डाक्टर सुट्टीवर.

अकरम : अन् चार भाषेचे लोक. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. तरी सारे मिळून खानावळीत बसतात अन् सरकारला शिव्या देतात.

मुखरू : थ्या चौकीवर जायाले कोनी तयार नाई जी. खूब दूर आहे. त्याच्यापुढं अंधारच. शिक्षा म्हनून धाडतेत तिथी.

इंगवले : कोणाला धाडतात?

मुखरू : कप्तानले. वर कोनाचं तरी आयकलं नाई, म्हनून धाडलं. येताबरोबर बदली मागते. ट्रंक उघडते, कपडे काढते, घालते, धुते, अना वापस ट्रंकेत ठेवते. खुंटीले लावतच नाई. खुंटीले लावलं का राहा लागन, असं वाटते.

इंगवले : … लालसू, हसायला काय झालं? वायरलेस लागला का ते बघ.

मुखरू : थे कप्तानबाई खूब जीव लावनारी आहे जी.

इंगवले : बाई? कप्तान बाई आहे?

मुखरू : हाव.

इंगवले : म्हणजे टेलर, तू अंगावर बाईचा ड्रेस घातलायस?

अकरम : कटिंग बदललं साहब! कमरेच्या चिमट्या काढून टाकल्या. कॉलर जेंट्स केली. तरी जरा कमरेत दाबते, खोटं नाही बोलत.

मुखरू : मले म्हने तू नायब. मी म्हनलं काऊन? तं म्हने कापड संपलं.

अकरम : शाळेच्या गणवेशातून उरलेलं कापड होतं. एक कप्तान पूर्ण निघाला, दुसऱ्याच्या पायाला कमी पडलं. म्हणून तो नायब.

इंगवले : आणि हे घालून फिरायचं कशाला? घरात बसून बघता आलं असतं ना?

अकरम : आरमोरीत परवापासून ट्रान्सफॉर्मर जळून पडला आहे. म्हणून गडचिरोलीला निघालो. वर्दी मात्र… काय सांगू साहब. आरमोरीत मी दिसलो का लोक विचारतात, टेलर, झालं का? मशिदीत, बाजारात, मयतीत. कोणी ‘कसा आहेस’ नाही म्हणत, ‘झालं का’ म्हणतात. शिरेलीच्या त्या एका तासात मला कोणी ते विचारत नाही. शेवटच्या दिवशी वाटलं, त्या लोकांमध्ये जाऊन बसतो तर त्यांच्यातला दिसलो पाहिजे. आता तुमच्यासमोर बसून सांगतो तर मलाच हसू येऊन राह्यलं. पण घरून निघताना बरोबर वाटलं होतं.

मुखरू : मले तं चढावरच समजलं का आपून येडे आहो. पन तवापर्यंत तुमच्या मानसानं पाह्यलं होतं.

इंगवले : थांबा. लालसू, दे इकडं. … आरमोरीहून उत्तर आलंय. ‘अकरम शेख टेलर आहे. माणूस बिनधोक. हवालदारांची पँट दिवाळीपासून त्याच्याकडं आहे. सोडण्याआधी पँटचं विचारावं.’

अकरम : फक्त काजं बाकी आहेत साहब.

इंगवले : जा, सुटलात. पण पावणेपाच झाले. या लुनावर गडचिरोली काही गाठत नाही तुम्ही.

अकरम : हो. नाही होत आता.

मुखरू : जाऊ दे अकरमभाऊ. कोनी तरी सांगनच आपल्याले. उडली का नाई.

अकरम : कोण सांगेल? सारी आरमोरी हसते आपल्यावर. मन लावून पाहणारे आपण दोघंच आहोत.

इंगवले : … मागं बराकीत टीव्ही आहे. डिशची छत्रीही आहे. पोरं क्रिकेट बघतायत. चॅनल बदललं की सगळ्यांच्या शिव्या मलाच बसणार, पण चला. लालसू, माझे दोन शर्ट आण आतून. वर्दीवरून चढवा दोघांनी, नाहीतर आत पळापळ होईल.

(तासाभरानं. बराकीबाहेरच्या ओट्यावर तिघंच आहेत.)

मुखरू : उडली नाई.

अकरम : लोक काहीही सांगतात.

मुखरू : रडूरडू तुमच्या शर्टाची बाही ओली झाली जी. मी धुवून आनून देईन.

इंगवले : राहू दे.

मुखरू : बदली झाली, गेली बाई. पन असं कोनी जाते का? सारे रांगेत उभे तिच्यासाठी. म्हातारा भांडखोर, थोही उभा. अना हे तोटी दुरुस्त करत बसली! पान्याची तोटी! मंग हात पुसले, उठली, अना जहाजात जाऊन बसली. एक शब्द नाई. मले वाटलं भाषन करन. इतके दिस पाह्यलं आमी.

अकरम : मलाही वाटलं होतं. निदान म्हाताऱ्याशी तरी बोलेल.

इंगवले : नाही होत भाषण.

अकरम : साहब?

इंगवले : तोंड उघडायला गेलं की काहीतरी भलतंच काम हाताला लागतं. ती तोटी बिघडलेली नव्हतीच. मी शुक्रवारपासून जीपचं कार्बोरेटर साफ करतोय. ड्रायव्हर म्हणतो, साहेब, त्याला काही झालेलं नाही. मी म्हणतो, तू गप बस, मला आवाज वेगळा येतोय.

मुखरू : बदली आली का जी तुमची?

इंगवले : गुरुवारी. साताऱ्याला. आलो त्या दिवसापासून मागत होतो.

अकरम : अरे वा! मुबारक हो सा—

इंगवले : हळू. पोरांना माहीत नाही अजून.

अकरम : घरी सांगितलं?

इंगवले : घरी पेढे वाटून झाले. इथंच अडलंय. मला मलेरिया झाला तेव्हा लालसू उशाशी बसून होता. ताप डोक्यात गेला होता म्हणे, मी त्याला आई म्हणून हाक मारत होतो. त्यानं ते आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. आता त्याला काय सांगू? सुटलो बाबा, तुम्ही बसा इथं?

मुखरू : तसंच सांगा जी. जातो म्हना.

इंगवले : आणि मग?

मुखरू : मंग काई नाई. थोही नाई बोलनार. तुमी दोघंही नाई बोलले तरी चालते. पन त्याच्याजवर जाऊन बसा लागते. जीपजवर नाई.

इंगवले : … जेवून जा तुम्ही. भात टाकायला सांगतो.

अकरम : चालेल साहब, भूक तर—

मुखरू : नाई जी. आमी बसलो तं तुमी आमालेच वाढत बसान. पाह्यजा मंग, आजही सांगाचं राहून जाईन. उठ अकरमभाऊ.

अकरम : बरं. येतो साहब. मी लुना चालू करतो.

मुखरू : चालू नोको करू. थ्या वळनापर्यंत ढकलत नेऊ. साहेबाले बोलाचं आहे, इथी आवाज नाई कराचा.