काकूंनी काढलेला नी

शेजारी सूर चुकला की मला स्वयंपाक सुचत नाही, खरं सांगते. जयपुरात आमच्या शेजारी ओंकार राहतो, सांगलीचा पोरगा, नोकरीसाठी आलेला. चार तारांची एवढीशी युकुलेली घेऊन रोज संध्याकाळी जॅझची एकच सरगम घोकायचा, आणि रोज शेवटी घोळ! मी भजनात पेटी वाजवते, मला कसं राहवणार? गेले.

“अरे, कोमल नी घेतलास ना, मग लगेच शुद्ध नी कशाला? एक काढून टाक.”

“हो काकू,” म्हणाला गुणी बाळ, आणि काढूनच टाकला.

रविवारी त्याची ऑनलाइन परीक्षा होती. पास झाला तरच सर पहिलं गाणं शिकवणार. मी कचोऱ्या घेऊन हजर. त्यानं वाजवलं, तर मोबाईलमधले सर म्हणाले, “शुद्ध नी कुठे गेला? त्याच्यामुळेच तर जॅझ वाटतं!”

“काकूंनी काढायला सांगितला.”

मीच मोबाईलपुढे बसले. “सर, नापास नका करू हो. पोराला येतं सगळं. रोज भिंतीतून ऐकते मी.”

“असं? मग म्हणून दाखवा.”

मी दोन्ही नी लावून सरगम खणखणीत म्हटली.

“वा! काकू पास,” सर म्हणाले. “ओंकार, तू पुढच्या रविवारी ये.”