दोन डोंगळे

भोकरदनच्या स्टँडवर टेंभुर्णीच्या गाडीसाठी नऊ माणसं थांबली होती. माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची सातवीतली नात होती. तिच्या हातात बियाण्याच्या कांद्याचे दोन वाळलेले डोंगळे, म्हणजे फुलांचे गोंडे, होते.

"आबा, हा मामाच्या वावरातला. यात सहाशे बारा बिया निघाल्या."

"अन् आपल्यात?"

"मोजायच्यात. फुलं तेवढीच आल्ती, पण मधमाश्याच आल्या न्हाईत. मंग पराग कोण नेणार? मॅडमनी कारण लिहायला सांगितलंय."

"हवा खराब होती, असं लिही."

"मामाकडं काय दुसरी हवा होती का? बांधावरच्या लिंबाचं मोहोळ तुम्हीच जाळलं ना?"

"तुला चावल्त्या त्या. तोंड सुजल्तं तुझं. रागात पेटवला टेंभा."

"दोनच चावल्त्या, आबा."

"दोनच. अन् मोहोळात किती असतील?"

"पुस्तकात हजारो लिहिल्यात."



"मंग बराबर लिही. कारभारी आबानं जाळलं, असंच लिही. अन् आपला डोंगळा मोज, माय. माझ्यासमोर मोज."

तिनं डोंगळा तळहातावर चोळला, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि बिया दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा एकोणचाळीस भरल्या.