रादामेसला आशीर्वाद हवाय

...आणि वर मागतो हो, तेही अख्ख्या देशाकडे! रविवारी भर जेवणाच्या वेळेला तो चकचकीत कोट घालून जिन्यावरून उतरतो, मागे त्या पिसं खोचलेल्या पोरी नाचत असतात, आणि कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणतो, "आशीर्वाद, आजी!" की आमच्या बानी गावापासून पार हैतीच्या हद्दीपर्यंत जेवढ्या म्हणून म्हाताऱ्या टीव्हीसमोर बसल्यात, तेवढ्या तोंडातल्या घासासकट ओरडतात, "देव तुझं भलं करो, बाळा!" सगळ्यांकडे मागतो, तुम्हाला सांगते, एक माझ्याकडे सोडून. आणि मी कोण? मी त्याची आजी! त्याची आई न्यूयॉर्कला लोकांच्या फरशा पुसायला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हापासून शेळीच्या दुधावर वाढवलाय मी त्याला.

तुमची पोरं मागतात की नाही? घरात शिरताना, निघताना, फोन उचलला की पहिला शब्द तोच, आणि पोरानं मागितला की मोठ्या माणसानं द्यायचाच, भांडण असलं तरी द्यायचा. हा तर आंब्याच्या शेंड्यावरून मागायचा. मी चपलेनं बडवत असले तरी दोन फटक्यांच्या मधे "आशीर्वाद, आजी", आणि मीही हात न थांबवता "देव तुझं भलं करो, मेल्या!"

मग लागलं नाटकाचं खूळ. पवित्र आठवड्यात आमच्या चर्चमधल्या नाटकात येशूला दगा देणारा यहूदा झाला, आणि येशूचा मुका असा घेतला, असा घेतला, की कोपऱ्यावर मासे तळणारी क्लोदोमिरा मला आठवडाभर मासा देईना. पुढं राजधानीत गेला. तिथं स्टेजवर तिघं आणि समोर दोघं, त्यातली एक मी, दुसरा पाऊस थांबायची वाट बघत बसलेला. पण काय करायचा हो पोरगा! एकदा आंधळा झाला होता, तर मी हात धरायला उठलेच, पाऊसवाल्यानं मला खाली बसवलं. मग मालिका आली. तिच्यात हा आईला घराबाहेर काढतो, सख्ख्या आईला, भर पावसात! क्लोदोमिरा मासा उलटता उलटता, वर मानानं 'दोन्या' म्हणून, विचारते, "दोन्या तोमासिना, तुमचा नंबर कधी?" असू दे. तेव्हा फोन करायचा तो आशीर्वादासाठी. तेव्हा मागायचा तरी.

मग त्या टीव्हीवाल्यांनी त्याला सूत्रसंचालक केलं. एवढा थोरला रादामेस, त्याचा कापून 'रादी' केला. कुणीतरी म्हणे विचारलं, घरी काय बोलायचास रे तू लहानपणी? यानं सांगितलं. झालं! सदऱ्यांवर छापलं, कपांवर छापलं, माझ्या आशीर्वादानं लोक कॉफी पितात. आणि इकडं फोन आला की "हॅलो, आजी, कशी आहेस?" हॅलो? मी उत्तर जिभेवर घेऊन बसलेली, आणि हा हॅलो म्हणतो? शेवटी मीच विचारलं, का रे, विसरलास का? तर हसतो. म्हणतो, "अगं, रविवारी मागतो ना सगळ्यांकडे, त्यात तू आलीसच की." आले म्हणे मी! सगळ्यांकडे मागतो, एक माझ्याकडे सोडून.

बरं, मातृदिनाला दारात गाडी. कानात वायर घातलेली एक पोरगी मला घेऊन गेली, तोंडाला पीठ लावावं तशी पावडर लावली, आणि शिकवायला लागली, की ते मागतील, तुम्ही द्यायचा, मग रडायचं, मग तुम्हाला फ्रीज. मी म्हटलं, फ्रीज आहे माझ्याकडे. तर म्हणते मग निदान रडा.

गेले. दिवे असे की डोळे फुटावेत. आला, गुडघ्यावर बसला, "आशीर्वाद, आजी!" ...आणि बघत कुठं होता? माझ्या डोक्यावरून, पलीकडे, कॅमेऱ्यावरच्या त्या लाल दिव्याकडे! माझं तोंडच मिटलं. त्यानं परत मागितला. मी गप्प. लोक गप्प. पिसंवाल्या पोरीसुद्धा थांबल्या, असं आमच्या टीव्हीवर कधी झालंय का? तिसऱ्यांदा मागितला आणि मग माइकवर हात ठेवून पुटपुटला,

"आजी, दे ना गं. जाहिरात खोळंबलीय."

"मग दिव्याकडे माग. माझ्याकडे मागायचा तर माझ्याकडे बघ."

आणि बघितलं हो त्यानं. खरंच बघितलं, मी तोंड उघडणार... तेवढ्यात साबणाची जाहिरात!

सोमवारी देशाला दुसरा विषय नाही. बसमध्ये पैजा लागल्या, म्हातारी देणार की नाही देणार. त्या टीव्हीवाल्यांचा साहेब स्वतः माझ्या ओट्यावर येऊन बसला, माझी कॉफी प्यायला, आणि म्हणाला, दोन्या, दर रविवारी यायचं, तो मागेल, तुम्ही द्यायचा नाही. मी विचारलं, आणि दिला तर?

"तर लोक टीव्ही बंद करतील, आणि रादीला आम्ही घरी पाठवू."

आता बोला! घरी पाठवू म्हणे, जशी काही मला धमकीच. मी मनात म्हटलं, पाठवा की. पण त्या पोराकडं बघितलं असतंत तुम्ही... पडदा पडल्यावरही तो दिव्याकडेच तोंड करून बसतो, सूर्यफुलासारखा. त्याला इथं आणून काय शेळ्या वळायला लावू? म्हणून जाते दर रविवारी, आणि तोंड मिटून बसते.

तर गेल्या शुक्रवारी आपण होऊन आला. गाडी लांब ठेवून, चालत. कॅमेरा नाही, पोरी नाहीत, फाटकात उभा राहिला, काळा चष्मा काढला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाला, "आशीर्वाद, आजी."

माझ्या हातातलं केळं गळून पडलं. मी म्हटलं, "देव तु..."

आणि त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको गं, आत्ता नको. रविवारी तुझ्या चेहऱ्यावर दिसेल."

गेला. न घेताच गेला. आता काय करणार? रविवारी बघा टीव्ही, ओरडा जोरात. माझ्या नातवाला आशीर्वाद द्यायची अख्ख्या देशाला मुभा आहे, एक मला सोडून.