खाडी आधी, इंजिन मग

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — साधन मोठं की वाट मोठी? लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट.

खाडीकाठी धाकू खारवी राहायचा. त्याची होडी छोटी, शिडाची. वारा पडला की वल्ही मारून खांदे जायचे, म्हणून इंजिन घ्यायचं ठरलं. आता इंजिनं दोन तऱ्हांची — एक होडीच्या पोटात कायमचं बसवायचं, दुसरं मागे लटकवायचं. लटकवलेलं हवं तेव्हा पाण्याबाहेर उचलता येतं.

बायको द्रौपदी म्हणाली, "लटकवायचंच घेऊया. आपली खाडी उथळ."

"तुझ्या भावाचं इंजिन पोटात, नि माझं शेपटीला?"

अहो, भाऊ जायचा खोल दर्यात! तिथे लाटांत पोटातलंच बरं, पंखा पाण्याखाली राहतो. पण मेव्हण्याशी बरोबरी करायची म्हटली की खोल दिसत नाही, उथळ दिसत नाही. हसू नका वहिनी, तुमचेही इथेच बसलेत!

झालं. धाकूने होडीच्या तळाला भोक पाडून पंखा बसवला.

पुढे लेकीचं लग्न ठरलं, पैलतीरावर, नवऱ्याच्या दारात. द्रौपदी म्हणाली, "भरती आहे तोवर निघा."

"इंजिन असताना भरती कशाला बघायची?"

निघाले ओहोटीला! अर्ध्या खाडीत — घर्रर्र... पंखा चिखलात रुतला. शीड उभारलं, तरी होडी हलेना. मुहूर्त जवळ आला. लेक रडवेली झाली, "बाबा, माझ्या अक्षता चिखलातच पडायच्या काय?" धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. खाडीतलं तर आधीच पळालं होतं!

इतक्यात समोरून होडी आली. त्यात कोण? खुद्द नवरदेव, मुंडावळ्या बांधलेला! पाणी असेल तिथे इंजिन चालवतोय, चिखल लागला की वर उचलून बांबू टेकवतोय. त्याने नवरीला घेतलं, सासूला घेतलं, सासऱ्याला हात दिला.

धाकू खालमानेने बसला. मग हळूच म्हणाला, "जावईबापू, ह्या इंजिनाचा सल्ला कुणी दिला?"

"कुणी नाय मामा. आधी ओहोटीला खाडी बघितली. मग इंजिन घेतलं."

द्रौपदी धाकूकडे नुसती बघत राहिली. अक्षता मात्र वेळेवर पडल्या.

मंडळी, धाकूचं इंजिन वाईट नव्हतं, खाडी त्या इंजिनाची नव्हती. आणि आपण? शेजारी पहाटे दोन तास ध्यानाला बसतो, म्हणून आपणही बसतो — आणि घोरतो! आपली खाडी उथळ, त्यात लाज कसली? भाकरी थापता थापता नाम घ्या. पैलतीरावर देव उभा आहे ना, तो इंजिन पोटात की मागे हे विचारत नाही. "आलास?" एवढंच विचारतो. उचला टाळ!