हट्टाची बट

हलू नका, डॉक्टर — वस्तरा गळ्याशी आहे — आणि माझ्या कपाळाकडे असं टक लावून काय बघताय? कलप उतरला असेल! पांढरी बट आहे तिथे, मधोमध, जन्मापासूनची — दर दहा दिवसांनी काळी करतो, या वेळी राहून गेली. केस कापणाऱ्याच्याच डोक्यावर असलं ठिगळ दिसलं, तर गिऱ्हाईक माझ्या हातात डोकं देईल का? देणार नाही! पण तुमचं कौतुक वाटलं हं — केसांवरून लेकरांचे दुर्मिळ, पिढीजात आजार ओळखता म्हणे! केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कधी कधी वाघासारखे पट्टे दिसतात? चाळीस वर्षं केस झाडून बाहेर टाकतोय, मला कधी मांजरसुद्धा दिसलं नाही.

काय? डावीकडून बोला — उजवा कान नावालाच आहे. ड्रायरच्या घरघरीनं गेला — नाही, तसं आधीपासूनच असेल, शाळेत मास्तर हाका मारायचे आणि मी ढिम्म! भरपूर मार खाल्ला — ऐकत नाही म्हणून. वडीलही तसेच, त्यांनाही बट. आई वैतागून म्हणायची, या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही, ही हट्टाची बट आहे! आजार कसला त्यात? घराण्याची खूण ती.

आता नातीला आलीय — ती बघा, सूनबाईपुढे बसून कंगवा चघळतेय. अकरा महिन्यांची. एक डोळा काळा, एक निळा, गोटीसारखा — आणि गुणाची किती! उशाशी ड्रायर लावला तरी झोप मोडत नाही. फक्त हाक मारली की वळत नाही — हट्टी! सूनबाई महिनाभर मागे लागलीय, दाखवून आणू म्हणून. मीच उडवून लावलं, आमच्याकडची पोरं अशीच म्हटलं. उद्या बट कापून टाकतो तिची, म्हणजे लोकांची तोंडं बंद —

माझ्या कानाकडून तिच्याकडे असं काय बघताय?

थांबा. सूनबाई, तिचं तोंड भिंतीकडे कर. हां. आता ही पितळी वाटी कात्रीनं बडवतो, तिच्या पाठीमागे —

तुम्ही दचकलात. सूनबाई दचकली. मी एका कानानं दचकलो. आणि आमच्या ठमाबाई — कंगवाच चघळतायत. पुन्हा वाजवू?

नको, कळलं मला.

हट्टी नाही हो ती. आमच्यात कुणीच हट्टी नव्हतं — वडीलसुद्धा नव्हते, आणि मी त्यांच्याशी तीन वर्षं अबोला धरला, ऐकत नाहीत म्हणून! काय म्हणालात, डावीकडून — बट, निळा डोळा, कान, सगळं एकाच आजाराचं? लवकर कळलं तर कानाला यंत्र लावता येतं? बोलायलाही शिकेल? सूनबाई, तुझंच खरं होतं, रडू नकोस, चपला घाल — बटेला कुणी हात लावायचा नाही, दिसू दे डॉक्टरांना नीट. दवाखाना किती वाजेपर्यंत असतो तुमचा? मग बसलात काय इथे? राहू द्या अर्धी दाढी — उठा!